अंगावरचं तोडलं त्यानंतर

ताई, तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं.

क्षणभरच. सचिन अकोल्याच्या दवाखान्यातून बोलत होता. त्याला धड बोलता येत नव्हतं, 'वहिनी गेली' एवढंच दोनदा म्हणाला. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर आता कुणालाच माहीत नाही. पुढच्या क्षणी त्या सुटकेचीच इतकी भीती वाटली की फोन ओट्यावर ठेवून मी फरशीवर बसले. आपल्यासाठी धावून आलेलं माणूस गेल्यावर जिला बरं वाटतं, ती बाई दोन लेकरांजवळ असावी का, असं वाटत राहिलं.

तुमची तेरवी होऊन पंधरा दिवस झाले. हिवरखेडला सगळे तुमच्याबद्दल बोलत होते, मी पंगतीत वाढत होते आणि मान हलवत होते. जे मला बोलायचं होतं ते तिथे कुणापुढे बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून तुम्हालाच लिहिते.

मी तुम्हाला घाबरायचे हे तुम्हाला ठाऊक होतं का? लग्न होऊन आले त्या दिवशी मोठी जाऊ म्हणून तुमच्या पाया पडले, तर तुम्ही माझे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणालात, 'खडू धरणारे हात हायेत. निंदायले नाई पाठवत तुले.' सगळे हसले. मी वरूडच्या मास्तरांची मुलगी, राजापेठेतल्या क्लासमध्ये गणित शिकवणारी. मला तो अपमान वाटला. पुढच्या सहा वर्षांत तुम्ही मला खरंच एकदाही शेतात पाठवलं नाही, हे फार उशिरा लक्षात आलं.

रेवा आणि राघवला मी सव्वादोन वर्षं अंगावर पाजलं. जुळ्यांना एवढं कुणी पाजतं का, असं सगळे म्हणायचे आणि ते ऐकायला मला आवडायचं. पडले, रडले, ताप आला, झोप आली, घरात अनोळखी माणूस आलं, सगळ्यावर माझ्याकडे एकच उपाय होता आणि तो लागू पडायचा. पण माझं वजन उतरत चाललं होतं. जिन्यात दोनदा अंधारी आली. सचिनची नोकरी अकोल्याची, तो सकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडायचा तो आठला घरी. आई वरूडला बाबांच्या लकव्यात अडकलेली. शेवटी मीच तुम्हाला फोन केला, ताई, याल का, यांचं दूध तोडायचं आहे. मीच बोलावलं होतं. हे मी पुढे सोयीनं विसरले.

हरभरा घरात यायचा होता, तरी तुम्ही दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन दारात. आणि पहिल्याच जेवणाला आपला वाद. मी फोनवर वाचून ठेवलं होतं की हळूहळू, एकेक वेळ कमी करत न्यावं. तुम्ही म्हणालात, 'असं केलं तं महिनाभर रडतीन. तीन दिवस तू दुसऱ्या खोलीत झोप, मी पाहीन लेकराईले.' कडुलिंबाचा पाला वाटून लावायचंही बोललात. मी म्हटलं, मी माझ्या मुलांना फसवणार नाही. त्यावर तुम्ही कडुलिंबाचं नाव पुन्हा काढलं नाही.

ताई, तो पाला मीच लावला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात. तोवर दोघांनी मला ओढून ओढून माझ्या कुर्त्याची शिवण उसवली होती. खालच्या झाडाचा पाला मी आदल्या संध्याकाळीच आणून ठेवला होता, म्हणजे ठरवूनच केलं. रेवा आधी आली. तिनं तोंड लावलं आणि लगेच काढलं. रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली. ओळखीच्या माणसानं रस्त्यात ओळख दाखवली नाही की आपण कसे बघतो, तशी. राघवनं एकदा चाटलं, दोन्ही हातांनी मला ढकललं आणि न्हाणीचं दार वाजवत 'मोठी आई, मोठी आई' करायला लागला.

संध्याकाळी मी सचिनला सांगितलं की ताईंनी कडुलिंब लावायला लावला. फोनवर आईलाही तेच सांगितलं. तुम्ही समोर बसून भेंडी चिरत होतात. मान वर केली नाहीत. वाटीभर हिरवा चोथा मोरीत होता, तो तुम्हीच धुऊन टाकला असणार. 'मी नाई सांगतलं बापा' एवढं म्हणाला असतात तरी पुरलं असतं. माझ्या आईनं तुमच्याबद्दल मनात अढी धरली ती शेवटपर्यंत. तेरवीला येऊनही ती तुमच्या फोटोपुढे फार थांबली नाही, आणि मी शेजारी उभी होते.

पाचव्या दिवसापासून दोघं मागेनासे झाले. तुम्ही त्यांना दुधाची वाटी दिली, पाठ थोपटून निजवलं, राघवच्या तळपायांना तेल चोळलं, आणि ते निजले. माझ्याशिवाय. लोक म्हणाले, सुटलीस. माझी छाती दगडासारखी झाली होती, अंगात कणकण होती. तुम्ही गार पाण्यात पंचा पिळून घड्या करून ठेवायचात, चार-चारदा बदलायचात. दुखणं तीन दिवसांत उतरलं. दुधाबरोबर आणखी काहीतरी उतरलं आणि त्याच्या जागी भीती येऊन बसली.

आधी साध्या गोष्टींची. द्राक्ष घशात अडकेल. बादलीत तोंड जाईल. मग मला माझ्याच हातांची भीती वाटायला लागली. राघवला कडेवर घेऊन गॅलरीजवळून गेले की डोळ्यांपुढे यायचं, हात सुटला तर? आणि त्यामागून, हात आपणच सोडला तर? तिसरा मजला. मी त्याला घेऊन भिंतीला घासून चालायचे. रेवा रडत आली की माझे हात रिकामे. आता काय द्यायचं हेच कळेना. वाटायचं, यांना माझी गरज होती ती एवढ्याचीच. ते संपलं. आता मी घरातली एक बाई. हे मी सचिनला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं पोरं माझ्याजवळ ठेवली असती का?

आणि मग ती दुपार. तुम्ही भाजी आणायला राजापेठेत गेला होतात. चारच्या सुमारास दोघं झोपेतून उठले ते रडतच. रेवा कुर्ता ओढत होती, पुन्हा, दहा दिवसांनी पुन्हा. राघव जमिनीवर डोकं आपटत होता. मी एकदा उचललं, दोनदा उचललं, गाणं म्हटलं, बिस्कीट दिलं. मग मी पायांत घरातल्याच चपला घालून बाहेर पडले, दाराला बाहेरून कडी लावली आणि जिना उतरले.

कुठे जायचं असं काही नव्हतं. मोठ्या रस्त्यापर्यंत गेले आणि झेरॉक्सच्या दुकानापाशी उभी राहिले. क्लासची पोरं गाड्यांवरून जात होती. तिथे इतकं गोंगाटाचं होतं की मला शांत वाटलं. माझी एक जुनी विद्यार्थिनी थांबली, मॅडम, पुन्हा कधी शिकवणार म्हणून विचारलं. मी हसून म्हटलं, जूनपासून. ती मुलं कशी आहेत म्हणाली, आणि मी 'छान आहेत' म्हणाले. म्हणाले आणि आठवलं की गॅलरीचं दार उघडं आहे.

मी कशी धावले ते मला सांगता येणार नाही. वर आले तर कडी काढलेली. तुम्ही बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसलेल्या, अजून चप्पल पायातच. राघव मांडीवर, रेवाला तुम्ही डाव्या हातानं कमरेशी घट्ट धरलं होतं. भाजीची पिशवी दारातच आडवी पडलेली, टमाटे फरशीभर. तुमचा श्वास लागला होता. तुम्ही माझ्याकडे पाहून एवढंच म्हणालात, 'गॅलरीचं दार लावून घेतलं मी.'

एरवी गॅलरीत कपड्यांच्या टबाशी असतो तो प्लास्टिकचा स्टूल स्वयंपाकघरात उलटा पडला होता. तो तुम्ही आत आणला होता. तो तुम्हाला कुठे दिसला, ताई? कठड्याला लागून होता का? रेवा त्याच्यावर होती का? तुम्ही तिला इतकं घट्ट का धरलं होतं?

मी विचारलं नाही. तुम्ही सांगितलं नाहीत. आता हे सांगणारं कुणी नाही. रोज गॅलरीत कपडे वाळत घालताना मी ती मिनिटं पुन्हा लावून बघते, दर वेळी वेगळी लागतात. कधी रेवा खोलीतच असते. कधी नसते.

त्या संध्याकाळी तुम्ही पोरांना खिचडी भरवलीत, मग ओट्यापाशी माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिलात. मला वाटलं, आता बोलणार. सचिनला सांगते म्हणणार. तुम्ही तांदळातले खडे निवडत बोललात, माझ्याकडे न बघता. तुमचा गोपाल सव्वा वर्षाचा होता, पल्लवीच्या वेळेस दिवस गेले, म्हणून सासूबाईंनी त्याचं दूध तोडायला लावलं. तो रडायचा आणि तुम्हाला वाटायचं, याला कुठेतरी टाकून द्यावं. एक दिवस त्याला चुलत जावेच्या पोरीजवळ दिलं आणि अकोटची एसटी आली त्यात बसलात.

'अकोटच्या स्टँडवर दिवसभर बसून राहिली,' तुम्ही म्हणालात. 'माहेरी जाची नोती, जीव द्याचा नोता. काहीच कराचं नोतं. दुपारच्याले पाह्यलं तं पोलकं भिजलेलं. तोडून बारा दिवस झाले होते वं, तरी आलं. मंग संध्याकाळच्या गाडीनं घरी गेली.'

मी विचारलं, घरी काय सांगितलं? पोटात दुखत होतं, दवाखान्यात गेले होते, असं. कुणी अधिक विचारलं नाही. वीस वर्षांत तुम्ही ते कुणाला सांगितलं नव्हतं, दादांनाही नाही. मग तुम्ही माझ्याकडे पाहिलंत.

'तू वापस आली ना. पण आता एकटी नको राहू. भेव वाटलं का मले फोन करत जा. काहीच बोलू नको, नुसता लाव.'

ताई, एवढं कुणी कुणाला देत नाही. आणि मी काय केलं? तुम्ही चार दिवसांनी हिवरखेडला गेलात आणि मी तुम्हाला टाळायला लागले. तुमच्या आवाजात मला ती कडी ऐकू यायची. पोरं जेवतात का, झोपतात का, तू कशी आहे, असं तुम्ही विचारायचात आणि मी 'बरी आहे, ठेवते, दूध उतू जातंय' म्हणायचे. मला वाटायचं तुम्ही माझ्यावर पाळत ठेवता. वाटायचं, एक दिवस भांडणात, एखाद्या सणाला, चारचौघांत तुमच्या तोंडून निघून जाईल. पोळ्याला तुम्ही बोलावलंत, लेकराईले बैल दाखवू म्हणालात. मी सांगितलं, राघवला सर्दी आहे. त्याला सर्दी नव्हती. पोळ्यानंतर दहा दिवसांनी तुम्हाला ताप भरला आणि चौथ्या दिवशी सचिनचा तो फोन.

तुम्ही गेल्यानंतरची एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. आमच्या वरच्या मजल्यावरच्या देशमुखकाकू. तुम्ही परत गेल्यापासून त्या रोज चार वाजता खाली यायच्या. कधी कढीपत्ता मागायला, कधी उगाच. मला त्यांचा कंटाळा यायचा. तेरवीहून आले त्या दिवशी त्या आल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, मंदाताईंचा दर आठवड्याला फोन असायचा, आता येणार नाही. मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं की जाताना तुम्ही जिन्यात त्यांना थांबवून म्हणाला होतात, माझ्या जावेले एकटीनं चहा प्यायची सवय नाई, तुमी जात जा. एवढंच. कारण सांगितलं नव्हतं. सहा महिने त्या बाईनं चार वाजता झोपमोड करून जिने उतरले, तुमच्या एका शब्दावर. आणि मी दारात उभी राहून चेहरा वाकडा करत होते.

त्या गेल्यावर मी खूप रडले. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा.

मग सचिनला सांगितलं. रविवारी, पोरं जेवून निजल्यावर भर दुपारी. कडुलिंब मी लावला, तिथून सुरुवात केली, कारण ते सोपं होतं. मग ती दुपार. झेरॉक्सचं दुकान, स्टूल, सगळं. माझ्या हातांचंही सांगितलं. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा बदलत गेला. मला ज्याची सहा महिने भीती होती तोच तो चेहरा होता. त्यानं उठून आधी गॅलरीचं दार लावलं. मग निजलेल्या रेवाजवळ जाऊन बसला. बराच वेळ माझ्याकडे आला नाही. मला वाटलं, संपलं.

शेवटी तो म्हणाला, 'मले काऊन नाई सांगतलं?'

मी म्हणाले, तू मुलांना माझ्यापासून नेशील म्हणून. त्यानं नाही म्हटलं नाही. म्हणाला, 'आत्ता तसंच मनात आलं होतं.' त्याचं ते खरं बोलणं मला लागलं, पण त्यामुळेच मी पुढचं ऐकू शकले. त्यानं विचारलं, वहिनीनं तुला सांभाळलं? मी हो म्हटलं. मग तो तुमच्यासाठी रडला, दवाखान्यात रडला होता त्याहून वेगळा.

त्यानं आठवडाभर रजा घेतली. मला डॉक्टरकडे नेलं. बाई वयानं तुमच्याएवढ्या होत्या. सगळं ऐकून घेतलं, घाईनं काही म्हणाल्या नाहीत. दूध थांबल्यावर शरीरात बदल होतात, काहीजणींच्या मनावर ते असं उतरतं, त्यात वर्षानुवर्षं नीट झोप नाही, असं त्यांनी सांगितलं. ती भीती मनात आली म्हणजे तुम्ही ते करणार असं नाही, पण ती एकटीनं वागवायची नाही, असंही सांगितलं. गोळ्या दिल्या, महिन्यानं पुन्हा बोलावलं. मी विचारलं, किती दिवसांत जाईल? त्या म्हणाल्या, ते आत्ता सांगता येत नाही. गॅलरीला आता जाळी बसवली आहे. आईलाही फोन केला आणि कडुलिंबाचं खरं सांगितलं. तिनं ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, तिच्या फोटोची एक प्रत मला पाठव.

पोरं तुम्हाला शोधतात. राघव फोन वाजला की 'मोठी आई' म्हणतो. रेवा अलीकडे झोपताना माझ्या कोपराची कातडी चिमटीत धरते. दूध तुटल्यावर तिनं ती स्वतःच शोधून काढली, आणि मला ते कळायलाही किती दिवस गेले. ती कातडी धरून ती निजते तेव्हा मला वाटतं, हिला मी लागते. आणि त्याच वेळी वाटतं, हिला काय माहीत मी कोण आहे ते. दोन्ही एकदम वाटतं. तुम्हाला अकोटहून परतल्यावर गोपालला उचलताना असंच वाटलं होतं का? हेही विचारायचं राहिलं.

या सोमवारी सचिनची रजा संपली. सकाळी तो डबा घेऊन, बूट घालून दारात उभा राहिला, पण निघेना. पाठीवरची पिशवी नीट केली, पुन्हा नीट केली. मग म्हणाला, 'जाऊ ना?'

भीती वाटत असतानाच ते मी कुणाला कधी तोंडानं म्हटलं नव्हतं, तुम्हालाही नाही. म्हटलं, 'जा. पण मला भीती वाटते आहे.'

'मलेही वाटून राहिली,' तो म्हणाला. आणि गेला.

मी त्याची पावलं तिसऱ्या मजल्यापासून खालपर्यंत ऐकली. मग ती ऐकू येईनाशी झाली. आत दोघं उठले होते, आणि राघवचा आवाज रडण्याच्या जवळ आला होता. ताई, मी भीत भीतच आत गेले.